जुव्याचा किल्ला आणि शंभूराजे

छत्रपती संभाजी महाराज म्हटलं की आपल्याला पहिल्यांदा आठवतो तो त्यांचा मृत्यू. नाटकं त्यावर, सिनेमे त्यावर, हॉस्टेलच्या खोल्यांतली पोस्टर्सही बहुतेक त्यावरच. एकतीस वर्षांचं आयुष्य, त्यातली जवळजवळ नऊ वर्षं राज्यकारभार आणि आपण लक्षात ठेवले ते कैदेतले शेवटचे चाळीसेक दिवस! हा राजा मेला कसा हे आपल्याला तोंडपाठ आहे. पण तो काम कसं करायचा असं कुणी विचारलं, तर ओरल्सला एक्स्टर्नल समोर बसल्यासारखे आपण सगळे गप्प.

म्हणून यंदाच्या अंकासाठी हे चरित्र मी जरा वेगळ्या टोकाकडून सांगायचं ठरवलं. ते टोक म्हणजे मांडवी नदीतलं एक बेट, जुवे. पोर्तुगीज त्याला सांतु इस्तेव्हांव म्हणायचे. सावंतवाडीहून बांदा, पत्रादेवी, म्हापसा करत पणजी गाठायची आणि तिथून जुन्या गोव्याच्या पुढे आत शिरलं की हे बेट लागतं. आपल्यापैकी निम्मी पोरं महिन्यातून एकदा तरी गोव्याला जातात. पण जातात ती समुद्राकडे. नदीकडे सगळ्यांची पाठ!

गोष्ट नीट कळायची तर आधी नदी समजली पाहिजे. मांडवीच्या मुखाजवळ चोडण, दिवाडी, कुंभारजुवे, जुवे अशी बेटांची माळच आहे. जुने गोवे ज्या तिसवाडीत आहे, ती तिसवाडीही खरं म्हणजे बेटच. उत्तरेला मांडवी, दक्षिणेला झुआरी आणि मध्ये दोघींना जोडणारं कुंभारजुव्याचं पाणी. पोर्तुगीजांची राजधानी या बेटाच्या उत्तर काठावर होती. म्हणजे खंदक खणायची गरजच नव्हती, निसर्गानेच तो खणून ठेवला होता. समुद्राची भरती या नद्यांत खूप आतपर्यंत चढते आणि साधारण सहा तासांनी उतरायला लागते. ओहोटीला उघडा पडलेला चिखल भरतीला गळाभर पाण्याखाली असतो.

इथली माणसं या पाण्याशी शेकडो वर्षं हिशेबाने वागत आली आहेत. काठाची सखल जमीन बांध घालून अडवायची, त्या बांधात मानस बसवायची, आणि आत भात पिकवायचं. हीच ती खाजन शेती. मानशीचं लाकडी दार भरतीच्या दाबाने आपोआप मिटतं आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतं. मोटर नाही, सेन्सर नाही! फ्लुइड मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये आपण जे हेड डिफरन्स मोजतो, ते इथल्या शेतकऱ्याच्या हाताखालून रोज दोनदा जातं. जुव्याची सात शिरांची भेंडी गोव्यात अजून नावाजलेली आहे. शाकेचो जुंवो, म्हणजे भाजीचं बेट, हे त्याचं लोकांतलं नाव.

शेजारच्या दिवाडी बेटावर कदंब राजांचं कुलदैवत सप्तकोटेश्वर होतं. चौदाव्या शतकात बहमनींच्या स्वारीत ते देऊळ पडलं, विजयनगरच्या माधव मंत्र्याने ते पुन्हा उभं केलं, आणि १५४० च्या सुमारास पोर्तुगीजांनी ते पुन्हा पाडलं. भाविकांनी लिंग नदीपलीकडे डिचोलीतल्या नार्वे इथे नेलं. दिवाडीवर राहिलं ते कोटितीर्थ नावाचं तळं. नार्व्यातल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ साली सुरू केला. तसा शिलालेख दारावर आहे. गोवा सरकारने अलीकडे त्याची दुरुस्ती केली आणि २०२३ साली ते पुन्हा खुलं झालं. वडिलांनी नदीच्या अलीकडच्या काठावर दगड रचायला घेतले, तेव्हा संभाजीराजे अकरा वर्षांचे होते. पंधरा वर्षांनी ते स्वतः त्याच नदीत उतरणार होते.

त्यांचा जन्म १४ मे १६५७ चा, पुरंदर किल्ल्यावरचा. आई सईबाई १६५९ मध्ये गेल्या, म्हणजे मूल सव्वादोन वर्षांचं असताना. कापूरहोळच्या धाराऊने दूध पाजलं आणि आजी जिजाबाईंनी वाढवलं. आठव्या वर्षी, पुरंदरच्या तहात, या पोराच्या नावावर मोगलांची पाच हजारी मनसब पडली. नवव्या वर्षी आग्रा. तिथून निसटल्यावर शिवाजी महाराजांनी मुलाला मथुरेत मागे ठेवलं आणि स्वतः पुढे गेले. परक्या गावात, परक्या नावाने, घर सोडून राहणं म्हणजे काय हे हॉस्टेलवाल्यांना थोडंफार ठाऊक असतं. पण आपल्याला शोधायला बादशहाची माणसं फिरत नसतात!

पुढे शिक्षण झालं ते उत्तम. संस्कृतात बुधभूषण हा ग्रंथ त्यांनी रचला. १६७४ च्या राज्याभिषेकात ते युवराज झाले. पण घरात धुसफूस होती. सावत्र आई सोयराबाई, अष्टप्रधानांतले काही मुत्सद्दी आणि तापट तरुण युवराज, हे गणित जमेना. डिसेंबर १६७८ मध्ये ते थेट मोगलांच्या दिलेरखानाला जाऊन मिळाले. हे त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड पान आहे आणि ते झाकून चरित्र सांगण्यात अर्थ नाही. वर्षभर ते त्या छावणीत होते. भूपाळगड पडला, अथणीसारखी गावं लुटली गेली. शेवटी १६७९ च्या अखेरीस ते तिथून निसटून पन्हाळ्याला परत आले. वडिलांची आणि त्यांची भेट झाली, पण दिवस थोडे उरले होते. ३ एप्रिल १६८० ला शिवाजी महाराज गेले.

रायगडावर धाकट्या राजारामांना गादीवर बसवायचा घाट घातला गेला. पण सरसेनापती हंबीरराव मोहिते, स्वतः सोयराबाईंचे भाऊ असूनही, संभाजीराजांच्या बाजूने उभे राहिले. १६ जानेवारी १६८१ ला राज्याभिषेक झाला. त्याच वर्षी विषप्रयोगाचा कट उघडकीला आला आणि अण्णाजी दत्तो, हिरोजी फर्जंद, बाळाजी आवजी चिटणीस यांना राजाने देहान्त शासन दिलं. यातलं बाळाजी आवजी हे नाव लक्षात ठेवा. त्यांचा मुलगा खंडो बल्लाळ. बाप मारला गेला, पण मुलगा चाकरीत राहिला.

आता राजाच्या टेबलावर काय काय पडलं होतं ते बघा. उत्तरेतून औरंगजेब स्वतः सगळी फौज घेऊन दख्खनमध्ये उतरलेला. त्याचा बंडखोर मुलगा अकबर आपल्याकडे आश्रयाला आलेला. पश्चिमेला जंजिऱ्याचा सिद्दी. दक्षिणेला पोर्तुगीज. हे सगळं एकाच वेळी आणि राजाचं वय चोवीस!

जंजिऱ्याचं प्रकरण तर सिव्हिलवाल्यांनी अभ्यासावं असं आहे. तोफा चालवूनही किल्ला पडेना, तेव्हा १६८२ च्या सुरुवातीला संभाजीराजांनी किनारा आणि किल्ला यांच्यामधली खाडी दगड-लाकूड टाकून भरायला घेतली. आजच्या भाषेत कॉजवे. समुद्राच्या लाटांत, तोफांच्या माऱ्याखाली भराव घालायचा! तेवढ्यात मोगल सरदार हसन अलीखान कल्याणकडे उतरला आणि राजाला काम अर्धवट टाकून तिकडे वळावं लागलं. साइटवरचं काम तांत्रिक कारणाने थांबण्यापेक्षा दुसऱ्याच कारणाने जास्त वेळा थांबतं, असं आमचे एक सर म्हणतात. ते इथेही खरं.

पोर्तुगीजांचं दुखणं वेगळं होतं. वर वर मैत्री, आतून मोगलांना वाट. कारवारजवळच्या अंजदीव बेटावर संभाजीराजांना किल्ला बांधायचा होता. पोर्तुगीजांनी १६८२ मध्ये आधीच ते बेट ताब्यात घेतलं. १६८३ च्या पावसाळ्यात मराठ्यांनी चौलला वेढा घातला. तो ढिला व्हावा म्हणून विजरई कोंद द आल्व्होर स्वतः फौज घेऊन निघाला आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला फोंड्याच्या किल्ल्यावर तोफा डागू लागला. किल्ल्यात येसाजी कंक आणि त्यांचा मुलगा कृष्णाजी होते. भिंतीला भगदाड पडलं तरी आतल्यांनी किल्ला सोडला नाही. ऐन वेळी खुद्द संभाजीराजे राजापूरहून शिबंदी घेऊन आले आणि पोर्तुगीजांच्या डोळ्यांदेखत कुमक किल्ल्यात शिरली. विजरईला वेढा उठवून दुर्भाटच्या धक्क्याकडे माघार घ्यावी लागली. कृष्णाजी मात्र जखमांनी पुढे गेला. पडलेल्या फोंड्याच्या जागी राजाने नवा किल्ला बांधला, मर्दनगड.

आणि मग जुवे.

बेटावरच्या टेकडीवर पोर्तुगीजांचा लहानसा किल्ला होता. राजधानीच्या नाकासमोर, पण मधे पाणी. त्या पाण्यावर विश्वास ठेवून पहारा बेताचाच ठेवलेला. २४ नोव्हेंबर १६८३ च्या रात्री ओहोटीची वेळ साधून सुमारे चाळीस मराठे नदी ओलांडून बेटावर चढले, पहारेकरी कापले आणि किल्ला घेतला. चाळीस! आपल्या एका वर्गात याहून जास्त पोरं असतात. त्या रात्री मराठ्यांनी कसली मोठी तोफ वापरली नाही. त्यांनी घड्याळ वापरलं, आणि ते घड्याळ म्हणजे नदी. ज्या पाण्याने गोवा सुरक्षित होता, तेच पाणी दिवसातून दोन वेळा वाट मोकळी करतं, हे ज्याला कळलं त्याला खंदक अडवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विजरई सुमारे चारशे माणसं घेऊन बेटावर उतरला. मराठ्यांनी त्यांना पुढे येऊ दिलं आणि मग वरून असा मारा केला की पोर्तुगीज उलट्या पावली पळत सुटले. खाजनातला चिखल, अंगावर लढाईचं सामान, पाठीवर मराठे. कित्येक मारले गेले, कित्येक पाण्यात बुडाले. विजरईच्या दंडाला गोळी लागली आणि तो होडीत बसून कसाबसा निसटला. गोव्याचा सर्वोच्च अधिकारी कैद होण्यापासून थोडक्यात वाचला होता.

याच धामधुमीतला एक प्रसंग बखरीत येतो. पळणाऱ्या शत्रूच्या मागे संभाजीराजांनी भर पाण्यात घोडा घातला. भरती चढत होती. घोडा पोहणीला लागला, राजा वाहून जाणार असं दिसलं. तेव्हा ज्याने उडी टाकून घोड्याची बाग धरली आणि राजाला बाहेर काढलं, तो खंडो बल्लाळ. होय, तोच. ज्याच्या बापाला याच राजाने मृत्युदंड दिला होता.

बखरीतली गोष्ट आहे, तिला बखरीइतकंच वजन द्यावं. पण खंडो बल्लाळांचं पुढचं आयुष्य तिच्याशी जुळतं. संभाजीराजांनंतर ते राजाराम महाराजांबरोबर जिंजीला गेले, आणि तिथल्या वेढ्यातून राजाराम महाराज सुटावेत म्हणून शिर्क्यांना आपलं दाभोळचं वतन देऊन बसले. या माणसाने बापाच्या मृत्यूचा हिशेब मनात कसा मांडला असेल? मला तरी संभाजी महाराजांच्या चरित्रातला हा सगळ्यात खोल प्रश्न वाटतो. राजा काही देवमाणूस नव्हता, त्याच्या हातून कठोर गोष्टी घडल्या होत्या. तरीही ज्यांना त्या सोसाव्या लागल्या, त्यांनाही तो वाहून जायला नको होता.

मराठे जुव्यावर फार थांबले नाहीत, दोनेक दिवसांत बेट सोडून गेले. पण धास्ती बसायची ती बसली. विजरईने जुन्या गोव्यातल्या बों जेजुस चर्चमध्ये जाऊन सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपाशी आपली अधिकाराची काठी ठेवली आणि राज्य संताच्या स्वाधीन केलं. डिसेंबरमध्ये मराठा फौजा साष्टी आणि बार्देशात घुसल्या. मडगाव गेलं. वाटाघाटींसाठी पोर्तुगीजांनी वकील म्हणून ज्यांना पाठवलं, त्यांत मनुची नावाचा इटालियन होता. आपल्या आठवणी लिहून ठेवणारा तोच हा प्रवासी.

इथे एक सांगितलंच पाहिजे. आमच्या विंगमधला एक मित्र बार्देशचा, ख्रिश्चन घरातला. हा लेख लिहिताना मी त्याला जुव्याची गोष्ट रंगवून सांगितली. त्याने ती आवडीने ऐकली आणि मग शांतपणे विचारलं की साष्टी-बार्देशातल्या साध्या माणसांचं त्या महिन्यात काय झालं. प्रश्न बरोबर होता. गावं लुटली गेली, चर्चेसची नासधूस झाली, शेतकऱ्यांची घरं जळली. त्याआधी शंभर-सव्वाशे वर्षं इन्क्विझिशनने याच मुलखातल्या लोकांना छळलं होतं, देवळं पाडली होती, हेही तितकंच खरं. पण एका अन्यायाचा हिशेब दुसऱ्या गावच्या शेतकऱ्याकडून वसूल होत नाही. मी त्याला एवढंच म्हटलं की दोन्ही लिहीन. तो हसला आणि मेसला चल म्हणाला, कारण नऊ वाजून गेले होते आणि भाजी संपायच्या बेतात होती.

मग गोवा पडला का? नाही. बेळगावहून आपल्या सावंतवाडीच्या मुलखात उतरणारा जुना रामघाट ऐकून माहीत असेल. १६८३ संपता संपता औरंगजेबाचा मुलगा शहाआलम प्रचंड फौज घेऊन त्या घाटाकडे सरकला. संभाजीराजांपुढे दोन गोष्टी होत्या. हातातोंडाशी आलेला गोवा, किंवा पाठीवर येणारी मोगल फौज. जानेवारी १६८४ मध्ये त्यांनी गोव्याचा नाद सोडला, पोर्तुगीजांशी तहाची बोलणी कवि कलश आणि अकबरावर टाकली आणि स्वतः रायगडाकडे निघाले. शहाआलमने डिचोली उद्ध्वस्त केली खरी, पण कोकणात एवढ्या फौजेला दाणा-वैरण कुठून मिळणार? धान्याची गलबतं वेळेत पोचली नाहीत, रोगराई पसरली, मराठ्यांनी वाटा अडवल्या. परत घाट चढताना माणसं आणि जनावरं हजारोंनी मेली. लढाई न देता शत्रूला भूगोलाच्या स्वाधीन करणं, हेही एक शास्त्र आहे.

पण या माघारीची किंमतही मोजावी लागली. आपल्या भागातले देसाई हळूहळू फुटले. सावंतवाडीकरांनी तरी हे विसरू नये की कुडाळचे खेम सावंत १६८५ मध्ये पोर्तुगीजांशी करार करून संभाजी महाराजांच्या विरोधात गेले. आपला इतिहास नेहमी आपल्या सोयीचा नसतो. पोर्तुगीजांचाही धडा झाला. जुने गोवे शत्रूच्या हाताशी आहे हे कळल्यावर विजरईने राजधानीच मुरगावला हलवायचा प्रस्ताव मांडला. कामही सुरू झालं, पण ते कधी पुरं झालं नाही. शेवटी १८४३ मध्ये राजधानी झाली ती पणजी.

१६८७ मध्ये वाईजवळच्या लढाईत हंबीरराव पडले. अकबर जहाजाने इराणला निघून गेला. विजापूर आणि गोवळकोंडा औरंगजेबाने गिळले. तरी अंत्रुज महालात कारभार चालूच होता. हडकोळणचा १६८८ चा शिलालेख त्याची साक्ष देतो. त्यात रयतेवरच्या एका कराची माफी कोरलेली आहे. राज्य चहूबाजूंनी पेटलेलं असताना कुणीतरी बसून करमाफी दगडावर कोरून घेतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

१ फेब्रुवारी १६८९ ला मुकर्रबखानाने संभाजीराजांना संगमेश्वरला पकडलं. पुढचं आपल्या सगळ्यांना माहीत आहे, म्हणून लिहीत नाही. ११ मार्च १६८९ ला भीमा-इंद्रायणीच्या काठी ते संपलं. महाराणी येसूबाई आणि छोटे शाहू त्याच वर्षी कैद झाले. येसूबाई सुटून आल्या त्या १७१९ मध्ये. आणि औरंगजेब? तो दिल्लीला परत गेलाच नाही.

जुव्याच्या टेकडीवर आता किल्ल्याचे अवशेष उरलेत. चिऱ्याच्या भिंती, त्यांत शिरलेली मुळं आणि खाली चहूकडे खाजनं. मी गेलो तेव्हा ओहोटी होती. मानशीतून पाणी बाहेर पडत होतं, बांधावर दोघे जाळं टाकून बसले होते. मी उतारावरून नदीचं पात्र डोळ्यांनी मोजायचा प्रयत्न केला. सर्व्हेइंगचं शिक्षण अंगात भिनलंय, काय करणार! पलीकडचा काठ वाटतो त्याहून जवळ आहे, आणि चिखल दिसतो त्याहून खोल. अंधारात, पाणी परत कधी चढणार याचं भान ठेवून, त्या चिखलात पाय घालणाऱ्या चाळीस जणांची नावं कुठे कोरलेली नाहीत.

पुढच्या वेळी गोव्याला जाल तेव्हा अर्धा दिवस नदीला द्या. सकाळी नार्व्याचं देऊळ, दुपारी दिवाडीवरचं कोटितीर्थ, संध्याकाळी जुवे. बरोबर भरती-ओहोटीचं टाइमटेबल न्या आणि शक्य असेल तर एखादा गोव्याचा मित्रही. त्याच्याकडची गोष्ट वेगळी असेल. ती ऐकून घ्या. एका राजाचं आयुष्य समजायला एकाच काठावर उभं राहून चालत नाही.